झुरिकहून व्हिएन्नास

या सदरांत गृहस्थाश्रमांतील लहानसहान गोष्टी लिहावयाच्या, असा माझा परिपाठ आहे. परदेशप्रवासाचीं वर्णनें लिहिणारे समर्थ लेखक पुष्कळ आहेत. राजवाडे, चित्रशाळा आणि बर्फाचे डोंगर त्यांनीं वाचकांना यथेच्छ दाखविले आहेत. तेव्हां गेल्या ज्येष्ठांत आम्ही उभयतां तीन आठवडे युरोपांत जाऊन आलों, एवढ्यावरून मी कांहीं प्रवासवर्णनकार होऊं पाहत नाहीं. सांगावयाचें आहे तें एका दिवसाविषयीं, आणि तोही सबंध आगगाडींत बसून काढलेला. मात्र तो दिवस समजावयास थोडें मागें जावें लागेल, तें वाचकांनीं सोसावें.

मी शिरूरचा. आमच्या गांवाला आगगाडी नाहीं. घोडनदीच्या कांठीं एके काळीं इंग्रजांची छावणी होती, नगर रस्ता आहे, रांजणगांवाकडे आतां कारखाने झाले आहेत; परंतु रूळ कोणास पाहावयाचे असतील तर तालुक्याबाहेरच जावें लागतें. माझें कुटुंब दौंडचें. दौंड आणि शिरूर हे शेजारचे तालुके, मधून भीमा वाहते. पण दोन्ही गांवांच्या वळणांत जमीनअस्मानाचें अंतर. शिरूरचा मनुष्य वेळ सांगतो ती एस. टी.च्या हिशेबानें, म्हणजे अदमासानें. दौंडचा मनुष्य मिनिटांत बोलतो. माझे श्वशुर रेल्वेंत गार्ड होते. त्यांच्या घरीं पंचांगाशेजारीं रेल्वेचें वेळापत्रक टांगलेलें असे, आणि दोहोंपैकीं अधिक प्रमाण कोणतें याविषयीं घरांत कोणाला संदेह नसे.

आमचें लग्न १९८४ सालीं झालें. त्यानंतर दीडएक महिन्यानें दौंडहून एक लखोटा आला. लग्नापूर्वीं तिनें रेल्वेची परीक्षा दिली होती. तींत ती उत्तीर्ण झाली असून तिकीट-खिडकीवरील कारकुनाच्या जागेसाठीं तिची निवड झाली आहे, तरी सोलापूर विभागांत हजर व्हावें, असा आंत मजकूर होता. दौंड त्या वेळीं सोलापूर विभागांत मोडत असे. तीर्थरूपांनीं पत्र वाचलें, घडी घातली, आणि "आपल्या गांवाला गाडी नाहीं, तेव्हां प्रश्नच उद्भवत नाहीं," असें म्हणून तें मजकडे दिलें. मी नुकताच शाळेंत लागलों होतों. मुलांना वादविवादासाठीं विषय देण्याची मला भारी हौस, आणि स्त्रियांचें स्वावलंबन हा त्यांतील माझा आवडता विषय. मीं तो लखोटा तिच्या हातीं दिला आणि कांहीं बोललों नाहीं. तीही बोलली नाहीं. तीर्थरूपांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांना कोणी उत्तरच दिलें नव्हतें.

पुढें संसार झाला. मुलें झालीं, शिकलीं, दूर गेलीं. मी निवृत्त झालों. कन्या व जांवई नोकरीनिमित्त झुरिकला असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्हीं पासपोर्ट काढावयाचें ठरविलें. तेव्हां जन्माचा दाखला शोधतांना ट्रंकेच्या तळाशीं, तळाला घातलेल्या वर्तमानपत्राच्याही खालीं, तो लखोटा निघाला.

"हा अजून आहे?" मीं विचारलें.

"कागद चांगला होता. टाकवेना," ती म्हणाली, आणि दाखला पाहूं लागली.

प्रवासाची तयारी सर्वांच्याच घरीं होते तशी झाली, तिचें वर्णन करीत नाहीं. माझा गणपति रांजणगांवचा आणि तिचा सिद्धटेकचा. दोघांनाही नारळ झाले. परवान्यासाठीं मुंबईची एक खेप झाली. एक गोष्ट मात्र जाणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावी. दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून सामानांत आणावयास तिकडे बंदी आहे. मांसाशीं आपला संबंध नाहीं. पण पेढे आणि साजूक तूपही त्याच कलमांत येतात. आमचे दोन किलो पेढे शेवटच्या क्षणीं शेजाऱ्यांकडे गेले, आणि आमच्या प्रवासाचा खरा आनंद त्यांना झाला. भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला निर्वेध पोंचलीं.

झुरिकमध्यें दहा दिवस राहून नंतर आम्हीं दोघांनींच चार दिवस व्हिएन्ना पाहून यावें, असें ठरलें. विमानानें हा प्रवास दीड तासाचा, आगगाडीनें जवळजवळ आठ तासांचा. मीं विमान ठरविलें. तिचे गुडघे दुखतात, असें कारण सांगितलें, आणि तें खोटेंही नव्हतें. परंतु तो लखोटा पाहिल्यापासून तिच्यासाठीं कांहीं तरी मोठें, खर्चाचें करावें अशी एक टोंचणी मनाला लागली होती, आणि विमान हें मला आगगाडीपेक्षां मोठें वाटत होतें. जांवयांनीं तिकिटें काढावयास संगणक उघडला, तेव्हां ती स्वयंपाकघरांतून म्हणाली, "मला कोणीं विचारलं, तर मी आगगाडी म्हणेन."

मराठी व्याकरण मीं जन्मभर शिकविलें. या वाक्यांत आज्ञार्थ नाहीं, विध्यर्थ नाहीं. शुद्ध संकेतार्थ आहे. "विचारलं, तर." तिकिटें आगगाडीचीं निघालीं.

दुसरे दिवशीं तिनें जांवयांकडून रेल्वेचा नकाशा मागून घेतला आणि चष्मा लावून तो बराच वेळ पाहत बसली. आसनें आरक्षित करावयाच्या वेळीं म्हणाली, "आम्हांला निघतांना पाठमोरं बसवा."

जांवई चकित झाले. मी म्हणालों, "अगं, उलटें बसून तुला भोंवळ येते."

"बुख्सपर्यंतच. पुढं सरळ होईल."

बुख्स हें कोणतें गांव आणि तेथें काय सरळ होणार, हें मला उमजलें नाहीं. विचारण्याचीही बुद्धि झाली नाहीं. संवय कशी जाणार?

निघावयाच्या दिवशीं सकाळीं झुरिकच्या मुख्य स्थानकावर गेलों. वरच्या मोठ्या मंडपांत फलाट ओळीनें लागलेले आणि प्रत्येकाचे रूळ टोंकाला येऊन संपलेले. फाटक नाहीं, फलाटाचें तिकीट नाहीं, हमाल नाहीं. रस्त्यांतून चालत यावें आणि गाडींत चढावें. आमच्या मंडळींना हें पसंत पडलें नाहीं. "तिकीट-खिडकीवर रांग नाहीं, मग स्टेशन कसलं?" असा अभिप्राय पडला.

गाडी नेमक्या मिनिटाला सुटली. प्रथम झुरिकच्या सरोवराच्या कांठाकांठानें, मग वालेनझे नांवाच्या दुसऱ्या सरोवराच्या दक्षिण तीरानें ती जाते. पलीकडच्या तीरावर चुरफिर्स्टन पर्वताचे कडे पाण्यांतून सरळ उभे राहिलेले आहेत. पाठमोरें बसल्यामुळें हें सर्व आमच्यापासून दूर दूर जात होतें. मला वाटलें होतें त्याहून तें बरें वाटलें. येणारी वस्तु डोळ्यांपुढून झटकन् निघून जाते, जाणारी बराच वेळ दिसत राहते. झार्गान्स गेलें, ऱ्हाईन नदीची दरी आली, आणि गाडी बुख्सला उभी राहिली. हें स्वित्झर्लंडचें सरहद्दीवरचें स्टेशन.

थोड्या मिनिटांनीं गाडी हलली, ती आलों त्याच दिशेला! मी दचकून उठलों. पलीकडच्या बाकावरील एक वयस्कर गृहस्थही उठून खिडकीबाहेर पाहूं लागले. "अगं, गाडी परत चालली!" मी म्हणालों.

ती जागची हलली नाहीं. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "दौंड आलं."

दौंडशीं ज्यांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं खुलासा करावयास हवा. मुंबई-पुण्याकडून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग दौंडवरून जातो. त्याला मनमाडहून येणारा मार्ग १८७८ सालीं येऊन मिळाला, तो अशा कोनानें, कीं मनमाडकडून आलेली गाडी दौंडच्या स्थानकांत शिरते तेव्हां तिचें तोंड सोलापूरकडे असतें. तिला पुण्यास जावयाचें असेल तर एकच उपाय. इंजिन सोडावयाचें, बाजूच्या रुळांवरून मागच्या टोंकाला न्यावयाचें, तेथें जोडावयाचें, आणि शेपटाचें डोकें करून निघावयाचें. यांत वीस-पंचवीस मिनिटें सहज जात. नवखा उतारू घाबरून चौकशी करी, आणि चहावाले त्याला धीर देतां देतां चहा विकीत. आतां गांवाबाहेरून जोडमार्ग झाला आहे. पुष्कळ गाड्या दौंड कॉर्ड लाईन नांवाच्या वेगळ्याच स्टेशनावरून परस्पर निघून जातात. माझ्या बायकोला हें मनापासून आवडलेलें नाहीं. लहानपणीं वडिलांचा डबा घेऊन ती स्टेशनावर जाई आणि इंजिन सोडल्यापासून जोडेपर्यंतचा सोहळा पाहून येई. साखळीचा, नळ्यांचा, झेंडीचा, शिट्टीचा क्रम तिला अजून पाठ आहे.

बुख्सलाही दोन मार्गांचा कोन तसाच आहे, आणि तो तिनें नकाशावर पाहतांक्षणीं ओळखला होता. भेद एवढाच, कीं येथें इंजिन सोडावें लागलें नाहीं. गाडीच्या दुसऱ्या टोंकाच्या डब्यांतही चालकाची खोली असते. चालक आपली पिशवी घेऊन फलाटावरून या टोंकाहून त्या टोंकाला चालत गेला. तिनें तो मला दाखविला. "एवढंच?" ती म्हणाली. तिच्या स्वरांत किंचित् निराशा होती.

आतां आम्ही गाडीच्या दिशेला तोंड करून बसलों होतों, आणि ती घबराट झालेले गृहस्थ पाठमोरे झाले होते.

लगेच ऱ्हाईन नदी ओलांडली आणि लिख्टेनश्टाईनचें राज्य लागलें. याचें क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. एकट्या शिरूर तालुक्यांत असे कित्येक देश मावतील. मीं तें मावण्याविषयीं कांहीं विनोद करावयाच्या आंत तें संपलें आणि ऑस्ट्रिया आला. कोणीं पासपोर्टही विचारला नाहीं.

ऱ्हाईन ओलांडतांना मला एका थोर पुरुषाची आठवण झाली. ही नदी येथून उत्तरेला जाऊन कॉन्स्टन्सच्या मोठ्या सरोवराला मिळते. डॉ. ब्यूह्लर हें नांव आपल्याकडील संस्कृताभिमानी घराण्यांत अपरिचित नसावें. १८६३ सालीं ते मुंबईस आले, एल्फिन्स्टन महाविद्यालयांत त्यांनीं शिकविलें, डॉ. कीलहॉर्न यांजबरोबर मुंबई संस्कृत ग्रंथमाला चालविली, आणि पुढें व्हिएन्नाच्या विद्यापीठांत ते संस्कृतचे अध्यापक झाले. त्यांची पत्नी स्विस होती. १८९८ च्या एप्रिलांत सुट्टीसाठीं ती माहेरच्या माणसांत झुरिकला गेली होती, आणि तिला भेटावयास ते व्हिएन्नाहून निघाले. म्हणजे आमचाच प्रवास, उलट दिशेनें. वाटेंत त्या सरोवराच्या कांठीं लिंडाऊला थांबले, एक होडी घेऊन एकटेच पाण्यांत गेले, आणि परत आले नाहींत. झुरिकला त्यांची वाट पाहणाऱ्या त्या बाईविषयीं मीं कोठें कांहीं वाचलेलें नाहीं. ही हकीकत मीं सौभाग्यवतींना सांगितली. तिनें विचारलें, "बायकोला किती दिवसांनीं कळलं?" मला सांगतां आलें नाहीं.

फेल्डकिर्ख सोडल्यावर चढ लागतो आणि मग आर्लबर्गचा बोगदा येतो. हा १८८४ सालीं उघडला. लांबी साडेदहा किलोमीटरांहून अधिक. त्यापूर्वीं हिंवाळ्यांत बर्फ पडलें कीं पलीकडचा प्रांत राजधानीपासून तुटून पडे. आपला बोरघाट १८६३ सालीं, म्हणजे याच्या एकवीस वर्षें आधीं, गाडीनें चढला होता, हें येथें सांगितलेंच पाहिजे. त्या घाटांतही खंडाळ्याजवळ गाडीचें तोंड फिरविण्याचें एक ठिकाण होतें, आणि १९२९ पर्यंत सर्व गाड्या तेथें उलट्या होत. ही माहिती माझी नव्हे, सौभाग्यवतींची; तिला ती वडिलांकडून मिळालेली.

बोगद्यांत खिडकीच्या कांचेंत बाहेरचें कांहीं दिसत नाहीं, आपलेच चेहरे दिसतात. त्या कांचेकडे पाहत ती एकाएकीं म्हणाली, "तेव्हां तुम्ही 'जा' म्हटलं असतं, तरी मी गेलें असतें कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. मामंजींची प्रकृति बरी नव्हती. सोलापूर काय जवळ होतं? पण मला विचारायला हवं होतं."

कशाविषयीं, हें तिनें सांगितलें नाहीं आणि मलाही विचारावें लागलें नाहीं. चाळीस वर्षांत या विषयावर तिच्या तोंडून निघालेलीं हीं पहिलीं वाक्यें. त्यांत राग असता तर मला सोपें गेलें असतें. माझ्यापाशीं त्याला पुष्कळ उत्तरें तयार होतीं. काळ तसा होता, वडिलांपुढें बोलण्याची पद्धत नव्हती, पगार किती असा मिळणार होता, वगैरे वगैरे. बोगदा पांच-सहा मिनिटें चालला. तेवढ्या वेळांत तीं सारीं उत्तरें मीं मनांत एकदां म्हणून पाहिलीं. सेंट अँटनला उजेडांत आल्यावर म्हणालों, "चुकलं माझं."

तिनें पिशवींतून डबा काढला. मुलीनें आदल्या रात्रीं दशम्या करून दिल्या होत्या. "घ्या," ती म्हणाली, "लोणचं मागून घ्या, ओघळेल."

पुढचा मार्ग इन् नदीच्या दरींतून इन्सब्रुकला जातो, कुफश्टाईननंतर जर्मनीच्या एका कोपऱ्यांतून न थांबतां निघतो, आणि साल्झबुर्गला पुन्हां ऑस्ट्रियांत येतो. एका दिवसांत चार देशांतून गेलों, हें मीं शिरूरला पुष्कळांना सांगितलें आहे. वस्तुतः त्यांतल्या दोन देशांत पाऊलही टाकलेलें नाहीं. लिंझपासून पुढें प्रदेश सपाट होतो. तेथें मला झोंप लागली. ती सबंध दिवस जागी होती. प्रत्येक स्टेशनांत गाडी किती मिनिटें थांबली तें तिनें माझ्या डायरींत मागच्या पानावर लिहून ठेविलें आहे.

व्हिएन्नाविषयीं थोडक्यांत सांगतों. शेनब्रुनचा राजवाडा पाहिला, सर्व पाहतात. मला त्या नगराचें पाणी अधिक आवडलें. १८७३ सालापासून तेथें दूरच्या पर्वतांतील झऱ्यांचें पाणी नळानें येतें, आणि कॉफीगृहांत कॉफीबरोबर त्याचा एक पेला न मागतां ठेवतात. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें ज्या तालुक्यांत आहेत तेथल्या माणसाला त्या पेल्यापुढें कॉफीची चव काय लागणार?

विद्यापीठाची इमारतही मुद्दाम पाहून आलों. ती १८८४ सालची, म्हणजे आर्लबर्गच्या बोगद्याच्या वयाची. १८८६ सालीं प्राच्यविद्यापंडितांची परिषद व्हिएन्नास भरली होती, तेव्हां आपले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तींत भाग घेण्यासाठीं आले होते, आणि त्या वेळीं ती इमारत अवघी दोन वर्षांची होती. त्या काळीं समुद्र ओलांडणाऱ्यापुढें परतल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राही. आम्हांला निघण्यापूर्वींच ३०,००० युरोचा विमा उतरावा लागला, एवढेंच. भांडारकर आले तेव्हां त्यांचें कुटुंब बरोबर होतें काय, असें सौभाग्यवतींनीं पायऱ्यांवर बसून विचारलें. हल्लीं तिचे प्रश्न सगळे याच दिशेनें येतात, आणि मला एकाचेंही उत्तर देतां येत नाहीं.

चौथ्या दिवशीं एक काम उरलें होतें. परतीचीं तिकिटें आमच्याजवळ होतीं, पण आसनें आरक्षित केलेलीं नव्हतीं. व्हिएन्नाचें मुख्य स्थानक जुनीं मोडून नवें बांधलेलें आहे. तें २०१४ सालीं उघडलें. आंत तिकिटांचें मोठें दालन आहे. बँकेंतल्यासारखा क्रमांक घेऊन बसावयाचें. आमचा क्रमांक फलकावर आला तेव्हां संवयीनें मी उठलों, तिकिटें खिशांतून काढलीं, आणि मग तीं तिच्या हातांत दिलीं. "तूं जातेस?" मीं विचारलें.

तिनें पदर सारखा केला आणि खिडकीशीं गेली. मी दोन पावलें मागें उभा राहिलों. आंत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. सौभाग्यवतींचें इंग्रजी माझ्याहून तोकडें. पण तिनें तिकिटें पुढें सरकविलीं, बोटानें दिशा दाखविली, आणि म्हणाली, बुख्सपर्यंत तोंड पुढें पाहिजे. बुख्सनंतर उलटें झालें तर चालेल. त्या बाईंनीं संगणकावरून मान वर केली. क्षणभर तिच्याकडे पाहिलें आणि हंसल्या. बहुतेक उतारूंना बुख्सची गोष्ट गाडी उलटी निघाल्यावर कळत असावी.

"आपण रेल्वेंत होतां का?" त्यांनीं इंग्रजींत विचारलें.

मी मागें उभा होतों. तिनें वळून पाहिलें नाहीं.

"येस," ती म्हणाली. "बुकिंग."